एडब्ल्यूएसचं एसएसओ लॉगिन, दीड वर्ष रोज वापरून

आधीच सांगून टाकतो, पाचातले चार. एक का कापला ते ओघात येईलच. लोक हॉटेलांचे, मिक्सरचे, छताच्या पंख्यांचे रिव्ह्यू लिहितात, मी एका कमांडचा लिहितोय, कारण गेलं दीड वर्ष सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू आला की पाव घ्यायला एक जण पळतो आणि मी लॅपटॉप उघडून पहिली हीच मारतो. एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन. एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनचा क्लाउड, एसएसओ म्हणजे सिंगल साइन-ऑन, एकाच लॉगिनने सगळीकडे आत शिरायची सोय. (इथे कमांडी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजीतच मारायच्या, उगाच कॉपी-पेस्ट करून मला शिव्या घालू नका.)

मी फोंड्याचा. काम पणजीत पाटोवरच्या एका छोट्या कंपनीत, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस कदंबाच्या बसने जायचं आणि बाकीचे दिवस घरून, पावसात लाइट असली तर. आमचा धंदा दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचा. क्लायंट पुण्याचे, मुंबईचे, एकदोन परदेशातले, आणि सर्व्हर जवळपास सगळे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, बहुतेक मुंबई रीजनमध्ये, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरांत. आता हे सर्व्हर काही पाटोवर ठेवलेले नाहीत, तिथपर्यंत पोचायचं म्हणजे टर्मिनलवरून कमांड मारायची, आणि कमांडला आधी सिद्ध करावं लागतं की हा माणूस कोण आणि ह्याला आत सोडायचं का. त्या ओळखीचाच हा सगळा मामला.

आधी काय होतं ते सांगतो म्हणजे चार स्टार का दिले ते कळेल. आधी होती कायमची चावी. आयएएममध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या यूजर आणि परवानग्यांच्या विभागात, एक यूजर बनवायचा, त्याला ॲक्सेस की मिळते, एकेआयए ह्या चार अक्षरांनी सुरू होणारी, आणि जोडीला एक लांबलचक सीक्रेट. दोन्ही घरच्या फोल्डरात डॉट एडब्ल्यूएसच्या आत क्रेडेन्शियल्स नावाच्या फाइलीत साध्या अक्षरांत लिहून ठेवायचं आणि विसरून जायचं. विसरून जायचं हाच तर प्रॉब्लेम. माझी एक चावी चार वर्षं जगली. ह्या चार वर्षांत मी लॅपटॉप बदलला, जुना भाच्याला गेम खेळायला दिला, मध्ये एकदा फोल्डरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि तो पेनड्राइव्ह कुठे आहे ते मला आजही माहीत नाही. आणि ती चावी ह्या सगळ्या जागी जिवंत होती, म्हणजे ज्याला सापडली असती त्याने पुण्यातल्या माणसाचे सर्व्हर फोंड्यात बसून बंद केले असते नाहीतर शंभर नवीन चालू करून बिल फाडलं असतं.

शिवाय आमच्यात चावी एकच आणि वापरणारे पाच. यूजरचं नाव डिप्लॉय. एकदा सकाळी बघतो तर एका क्लायंटचं टेस्टिंगचं मशीन गायब, कोणी उडवलं विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, लॉग काढला तर लॉगमध्ये काय, डिप्लॉय. बरं, डिप्लॉय म्हणजे कोण? पाचही जण. मशीन टेस्टिंगचं होतं म्हणून निभावलं.

आता आमच्याकडे देवळाच्या अग्रशाळेत खोली घेता तेव्हा काय होतं? ऑफिसात नाव-पत्ता लिहायचा, ओळखपत्र दाखवायचं, चावी घ्यायची, आणि खोली सोडायची वेळ तिथेच ठरलेली असते. ती चावी कोणी खिशात घालून कायमची घरी नेत नाही. एसएसओ लॉगिन म्हणजे हेच, फक्त इथे चावी परत द्यायचीही कटकट नाही, वेळ झाली की ती खिशातल्या खिशात लोखंडाचा तुकडा होते. पेनड्राइव्हवर गेली तर जाऊदे, उद्या सकाळपर्यंत तिचा उपयोग शून्य.

माझी ओळख जबरदस्तीने झाली. पुण्याच्या एका क्लायंटने कळवलं की पुढच्या महिन्यापासून कायमच्या चाव्या बंद, सगळ्यांनी आयडेंटिटी सेंटरमधून यायचं. त्यांच्या ॲडमिन मॅडमनी मीटिंगमध्ये तासभर समजावलं आणि मी तासभर म्यूटवर कुरकुर केली. इथे नावाचा घोळ समजून घ्या कारण नवीन माणूस इथेच अडखळतो. ही सेवा डिसेंबर २०१७ मध्ये आली तेव्हा तिचं नाव एडब्ल्यूएस सिंगल साइन-ऑन होतं, जुलै २०२२ मध्ये नाव बदलून आयएएम आयडेंटिटी सेंटर केलं, पण कमांडमध्ये अजून एसएसओच. मग मॅडम म्हणतात आयडेंटिटी सेंटर, डॉक्युमेंटमध्ये आयडेंटिटी सेंटर, आणि टर्मिनलवर एसएसओ. आमच्या ऑफिसातल्या साखळी गावच्या पोराने पहिले दोन दिवस आयएएमच्या पानावर जाऊन यूजर शोधले, आणि तिथे ते सापडणारच नाहीत, कारण आयएएमचे यूजर वेगळे आणि ह्या सेंटरचे वेगळे. सेवेचे वेगळे पैसे मात्र पडत नाहीत, हे आमच्या बॉसला फार आवडलं.

सेटअप एकदाच करायचा. एडब्ल्यूएसच्या कमांड लाइन टूलची दुसरी आवृत्ती लागते, पहिलीवर हे चालत नाही, आणि बऱ्याच जुन्या मशीनवर अजून पहिलीच पडून असते, तेवढं आधी बघा. मग एडब्ल्यूएस कॉन्फिगर एसएसओ मारलं की ते प्रश्न विचारायला लागतं. सेशनचं नाव काय ठेवू, स्टार्ट यूआरएल काय, रीजन कुठला, स्कोप काय. सेशनला काहीही नाव द्या, यूआरएल ॲडमिन देतो, स्कोप आहे तो राहूदे, एंटर मारा. रीजनवर मात्र थांबा! इथे विचारलेला रीजन म्हणजे आयडेंटिटी सेंटर ज्या रीजनमध्ये बसवलंय तो, तुमचे सर्व्हर आहेत तो नाही. मी डोळे झाकून मुंबई टाकलं कारण आयुष्यात दुसरं काही टाकलंच नव्हतं, आणि लॉगिन काही होईना. अर्धा दिवस मी नेटला, राउटरला आणि शेवटी वीज खात्याला दोष दिला. मग लाजत लाजत मॅडमना मेसेज केला, "मॅडम, माझ्याकडे होत नाहीये," तर त्यांचं एका ओळीचं उत्तर, "दादा, आमचं सेंटर व्हर्जिनियात आहे." पुढे काम करायचा रीजन वेगळा विचारतात, तिथे मुंबई टाकायचं.

त्यानंतर मात्र मजा आहे. ब्राउझर उघडतो, तुम्ही कंपनीच्या नेहमीच्या लॉगिनने आत जाता, मोबाइलवरचा कोड टाकता, परवानगी देता, आणि टर्मिनलवर परत आलात की तुम्हाला ज्या ज्या अकाउंटमध्ये जागा आहे त्यांची यादी समोर. बाण वरखाली करून अकाउंट निवडा, मग रोल, म्हणजे त्या अकाउंटमधला परवानग्यांचा गठ्ठा, निवडा. शेवटी ह्या जोडीला, म्हणजे प्रोफाइलला, नाव विचारतं आणि स्वतःहून सुचवतं ते नाव म्हणजे रोल, मध्ये डॅश, आणि पुढे अकाउंटचा बारा आकडी नंबर. ते तसंच ठेवू नका हो. महिन्याभराने बारा आकडे बघून कुठला प्रॉडक्शन (खरा, चालू धंद्याचा) आणि कुठला टेस्टिंग हे ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी पुणे-टेस्ट, पुणे-वाच आणि पुणे-खरं अशी नावं ठेवलीत (इंग्रजी स्पेलिंगमध्ये), आणि डिफॉल्टला वाच, म्हणजे फक्त बघायची परवानगी असलेला रोल. ज्याला काही बदलायचंय त्याने प्रोफाइल मुद्दाम टाइप करायची, तेवढ्या वेळात डोकं जागेवर येतं.

आता आत काय चालतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण वापरणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं आणि मग एरर आली की भूत बघितल्यासारखे ओरडतात. ह्यात घड्याळं दोन आहेत, दोन. पहिलं तुमच्या लॉगिनचं. ब्राउझरमध्ये हो म्हटलंत की टर्मिनलला एक टोकन मिळतं, ते डॉट एडब्ल्यूएसच्या आत एसएसओ, त्याच्या आत कॅश ह्या फोल्डरात जेसन फाइलीत पडतं. हे टोकन म्हणजे अग्रशाळेच्या रजिस्टरमधली तुमची एंट्री, चावी नाही. हे लॉगिन मुळात आठ तासांचं असतं, ॲडमिन ते पंधरा मिनिटांपासून ९० दिवसांपर्यंत कितीही करू शकतो. दुसरं घड्याळ चावीचं. तुम्ही कुठलीही कमांड मारली की ते टोकन दाखवून त्या अकाउंटच्या त्या रोलची तात्पुरती चावी आणली जाते, ती मुळात एका तासाची, ॲडमिनने वाढवली तर जास्तीत जास्त बारा तासांची. आणि ह्या चावीचे तुकडे तीन असतात, दोन नाहीत. ॲक्सेस की, सीक्रेट आणि सेशन टोकन. की एएसआयएने सुरू होते, एकेआयएने नाही, त्यामुळे कुठे फाइलीत पडलेली दिसली तर पहिली चार अक्षरं बघून कळतं की घाबरायचं किती.

तासाची चावी संपली तरी तुम्हाला कळतही नाही, कारण लॉगिन जिवंत असेपर्यंत कमांड लाइन स्वतः जाऊन नवीन आणते. म्हणजे सकाळी एकदा ब्राउझर, मग जेवणापर्यंत, कधी कधी संध्याकाळपर्यंत काही विचारत नाही. कोणी म्हणालं की दर तासाला लॉगिन करावं लागतं तर समजायचं त्याने कुठेतरी सेटिंगमध्ये माती खाल्लीये. किंवा माझ्यासारखी माती.

माझी माती अशी. काही जुन्या स्क्रिप्टा आणि काही टूल्स प्रोफाइल समजत नाहीत, त्यांना चावी एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच, म्हणजे टर्मिनलच्या त्या खिडकीपुरत्या लक्षात ठेवलेल्या नावांत, लागते. त्यासाठी सोय आहे, एडब्ल्यूएस कॉन्फिगर एक्सपोर्ट-क्रेडेन्शियल्स, फॉरमॅट एन्व्ह दिला की तिन्ही तुकडे एक्सपोर्टच्या ओळींसकट छापून मिळतात. कमांड लाइन नको असेल तर वेब पोर्टलवरूनही त्याच तीन ओळी कॉपी करता येतात. मी त्या टर्मिनलमध्ये चिकटवल्या, एका क्लायंटचे जुने फोटो एका बकेटमधून (म्हणजे क्लाउडवरचा फाइली ठेवायचा डबा) दुसरीत हलवायची स्क्रिप्ट लावली, आणि झोपलो. सकाळी बघतो तर तासाभरातच एक्स्पायर्ड टोकन म्हणून स्क्रिप्ट झोपलेली. साहजिक आहे, चिकटवलेली चावी ही चिकटवलेलीच, ती नवीन आणायला मागे कोणी नाही. पण खरी गंमत पुढे. मी म्हटलं ठीक आहे, पुन्हा लॉगिन करू. केलं. सक्सेस आलं. कमांड मारली, एक्स्पायर्ड. पुन्हा लॉगिन, सक्सेस, पुन्हा एक्स्पायर्ड. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कितें जालें रे?" एवढा मी कीबोर्डवर आपटत होतो. तर झालं असं होतं की रात्री चिकटवलेले ते तीन व्हेरिएबल त्याच खिडकीत अजून बसलेले, आणि एनव्हायर्नमेंटमधली चावी ही एडब्ल्यूएस-प्रोफाइल व्हेरिएबलने सांगितलेल्या प्रोफाइलच्या आधी बघितली जाते. म्हणजे दारात नवीन चावी घेऊन माणूस उभा आणि मी आतून गंजलेलीच फिरवतोय. कमांडमध्ये डॅश डॅश प्रोफाइल लिहून दिलं असतं तर चाललं असतं, किंवा अनसेट मारून ते व्हेरिएबल पुसायचे, किंवा सरळ ती खिडकी बंद करून नवीन उघडायची. आता काहीही अडलं की आधी एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी मारतो. ते सांगतं की ह्या क्षणी जगाला तुम्ही कोण दिसताय. त्यात रोलच्या नावाआधी एडब्ल्यूएस-रिझर्व्ह्ड-एसएसओ आणि शेवटी तुमचं स्वतःचं यूजरनेम दिसलं तर तुम्ही बरोबर दारातून आलाय.

आणि ते शेवटी स्वतःचं नाव दिसतं ना, तिथे मी पहिले दोन स्टार दिले होते. लॉगमध्ये आता डिप्लॉय येत नाही, माणूस येतो. मध्यंतरी एकाने चुकून फायरवॉलचा नियम काढला तर दहा मिनिटांत कळलं कोणी काढला, त्याने स्वतःच कबूल केलं, मिरची भजी मागवली, विषय संपला.

आता लॉगिनचे प्रकार, कारण इथे मध्ये एक बदल झालाय आणि जुनी माणसं गोंधळतात. आधी डिव्हाइस कोडवालाच प्रकार होता. टर्मिनल एक कोड दाखवायचं, चार अक्षरं डॅश चार अक्षरं, ब्राउझरमध्येही तोच कोड दिसायचा, जुळतोय का बघून कन्फर्म करायचं, टीव्हीवर ओटीटीचं लॉगिन करताना करतो तसंच. आरएफसी ८६२८ हा त्याचा कागद, म्हणजे इंटरनेटची पद्धत लिहून ठेवलेला दस्तऐवज, २०१९ चा. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये २.२२ आवृत्तीपासून डिफॉल्ट बदलला, आता पीकेसीई नावाचा प्रकार चालतो, त्यात कोड वगैरे काही दिसत नाही, ब्राउझर परवानगी घेतो आणि उत्तर तुमच्याच मशीनवर उघडलेल्या एका लोकल पत्त्यावर परत पाठवतो. वापरायला सोपं आणि एका क्लिकने कमी.

पण! तुम्ही जर दुसऱ्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरूनच टर्मिनल जोडून, जाऊन तिथून लॉगिन मारत असाल तर तिथे ब्राउझर नाही, आणि यूआरएल उचलून स्वतःच्या लॅपटॉपवर उघडलात तर उत्तर लॅपटॉपच्या लोकल पत्त्यावर येतं, जिथे ऐकायला कोणी बसलेलं नाही. पान उघडतच नाही आणि तुम्ही बघत राहता. त्यावर उपाय, कमांडच्या शेवटी डॅश डॅश यूज-डिव्हाइस-कोड. तेवढं लिहिलं की जुना प्रकार परत. मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

बदल का केला असेल ते मला एका मित्रामुळे कळलं, त्याला माहीत नसताना. दुपारी व्हॉट्सॲपवर लिंक आली, खाली कोड, आणि मेसेज, "पात्रांव, हे जरा तुझ्याकडून अप्रूव्ह कर ना, माझं लॉगिन चालत नाहीये, पाच मिनिटांचं काम आहे." माणूस चांगला, हेतू चांगला, घाईत होता. पण बघा हं, मी ती लिंक उघडून हो म्हटलं असतं तर माझ्या नावाचं टोकन त्याच्या टर्मिनलवर गेलं असतं. मला पासवर्ड कोणी विचारला नसता, मोबाइलचा कोडही मी स्वतःच्याच हाताने टाकला असता, पान खरं, पत्ता खरा, सगळं खरं, फक्त टोकन दुसऱ्याच्या खिशात. चोर अगदी असंच करतात, फिशिंगचा हा प्रकार माहितीतला आहे, त्यात खोटी वेबसाइट बनवायचीही गरज नाही. मी त्याला फोन करून सांगितलं की जमणार नाही, तो दोन दिवस रुसला, मग स्वतः वाचून आला. तेव्हा नियम एवढाच, कोड स्वतः आत्ता ह्या क्षणी आपल्या टर्मिनलवर बघितला असेल तरच हो म्हणायचं. पीकेसीईमध्ये उत्तर त्याच मशीनवर परत यावं लागतं म्हणून त्या प्रकारात ही पळवाट उरत नाही.

परवानगीच्या त्या पानावर बोटोकोर-क्लायंट असं काहीतरी नाव दिसतं आणि विचारतात की ह्याला तुमचा डेटा बघू द्यायचा का. हा बोटोकोर कोण, असं आमच्या अकाउंट्सवाल्या बायने घाबरून विचारलं होतं, तिला बिल बघायला लॉगिन दिलं होतं तेव्हा. बोटोकोर म्हणजे कमांड लाइनच्या आतली पायथॉनची लायब्ररी, घरचाच माणूस. पण सामान्य माणसाला हे कसं कळणार, तिथे सरळ लिहायला हवं होतं की ही तुमचीच कमांड लाइन आहे. ज्या पानावर माणसाने डोळे उघडे ठेवून हो म्हणायचं तिथेच अनोळखी नाव, आणि रोज दिसलं की माणूस न वाचता क्लिक करायला शिकतो. अर्धा स्टार इथे गेला.

उरलेला अर्धा कुठे गेला तर लॉगआउटवर. एडब्ल्यूएस एसएसओ लॉगआउट मारलं की टोकन जातं, कॅश साफ होते, बरं वाटतं. पण आधीच दिलेल्या रोलच्या चाव्या त्याने मरत नाहीत, त्या आपला तास किंवा बारा तास पुरा करूनच मरतात. कॉपी करून कुठे चिकटवली असेल तर ती चालूच. म्हणून ॲडमिनने उगाच लाडाने बारा तास देऊ नयेत, प्रॉडक्शनच्या रोलला एक तासच बरा. आणखी एक, ते टोकन कॅशमध्ये साध्या जेसनमध्ये पडतं, त्याला कुलूप नाही. कायमच्या चावीपेक्षा शंभरपट बरं, तरी लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर आधी ती करा.

दुसरी टूल्स थोडक्यात. आयडेंटिटी सेंटर नव्हतं तेव्हा एका क्लायंटकडे एसएएमएल-टू-एडब्ल्यूएस वापरायचो, ते टर्मिनलमध्येच पासवर्ड विचारतं आणि मागे लॉगिनचं पान स्वतः वाचून पुढे जातं, त्यामुळे लॉगिनवाल्यांनी पान बदललं की अडकायचं. ज्यांच्याकडे अजून तोच सेटअप आहे त्यांना पर्याय नाही, पण टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करायची सवय वाईटच. एडब्ल्यूएस-व्हॉल्ट चांगलं आहे, चाव्या सिस्टिमच्या कीचेनमध्ये ठेवतं. ग्रँटेड पण चांगलं, त्यात अझ्यूम लिहून प्रोफाइल निवडायची, आणि दोन अकाउंटची कन्सोल दोन रंगांच्या फायरफॉक्स टॅबमध्ये उघडता येतात, दिवसात दहा अकाउंटमधून उड्या मारणाऱ्याला सोन्यासारखं. मला तीनचार अकाउंटच लागतात, मी साध्यावरच खूश. बाकीच्या क्लाउडचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूरचं एझेड लॉगिन सगळ्यात सरळ, आणि गूगलचं सोपं आहे पण तिथे जीक्लाउडचं लॉगिन वेगळं आणि प्रोग्रॅमसाठीचं ॲप्लिकेशन-डिफॉल्ट लॉगिन वेगळं, एक करून दुसरं विसरलं की पुन्हा भुतं.

एक किस्सा घड्याळाचा राहिला, तो वेळ दाखवणाऱ्या खऱ्या घड्याळाचा. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेत. चवथीच्या आदल्या दिवशी, घरात गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधायची गडबड, मामा काकडीची आणि नारळाची दोरी धरून उभे, मला हाक मारतायत, आणि क्लायंटचा फोन की साइट हळू चालतेय. विंडोज बंद करून लिनक्स चालू केलं, लॉगिन झालं, आणि पुढची प्रत्येक कमांड फेल. लॉगिन होतंय पण काम होत नाहीये! डेस्कटॉपच्या कोपऱ्यात बघितलं तर वेळ साडेपाच तास चुकीची. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तेच घड्याळ यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, समजून वाचतं, फरक बरोबर साडेपाच तास. नेटवरून वेळ आपोआप लागायला हवी होती पण ती सोय मीच कधीतरी बंद केली होती. आणि एडब्ल्यूएसच्या प्रत्येक कमांडवर वेळेसकट सही असते, वेळ जास्त चुकली की सही नाकारली जाते. लॉगिनच्या टप्प्याला तशी सही लागत नाही म्हणून ते होत होतं. वेळ लावली, चाललं, आणि माटोळीपाशी पोचलो तोवर मामा रागावलेले ते वेगळंच.

पावसाचं विचारतील म्हणून सांगतो. जुलैत आमच्याकडे लाइट जाते, मग नेट जातं, मग मोबाइलच्या एका काडीवर काम. कमांड लाइन अशा वेळी बरी, वेब कन्सोलचं पान उघडायला जेवढा डेटा लागतो त्यात माझं दिवसाचं काम होतं. पण सकाळचं लॉगिन ब्राउझरशिवाय नाही, तेवढं एकदा नेट असताना उरकून घ्यायचं. मॅडमना सांगून मी टेस्टिंगच्या अकाउंटची चावी चार तासांची करून घेतली, प्रॉडक्शनची त्यांनी एका मिनिटानेही वाढवली नाही. बरोबरच केलं, पण तेव्हा राग आला होता.

आणि जुन्या सॉफ्टवेअरचं. कॉन्फिग फाइलीत एसएसओ-सेशन नावाचा वेगळा विभाग असतो तो नंतर आला, त्याने टोकन आपोआप नवीन होतं, आणि एका लॉगिनवर त्या सेशनच्या सगळ्या प्रोफाइल चालतात. पण जुन्या लायब्ररीवर बांधलेली टूल्स तो विभाग ओळखत नाहीत आणि विचित्र एरर देतात. अशा वेळी आधी टूल अपडेट करून बघा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटल्या.

ती चार वर्षांची चावी. सगळे क्लायंट एसएसओवर आले तेव्हा म्हटलं आता हिला मारू. आयएएममध्ये प्रत्येक चावीसमोर ती शेवटची कधी वापरली ते दिसतं, आणि माझ्या चावीसमोर दिसलं काल. मी तर महिनाभर हात लावला नव्हता! पोटात गोळा आला, पेनड्राइव्ह आठवला. लगेच डिलीट नाही केली, डीॲक्टिव्हेट केली, म्हणजे चूक झाली तर परत चालू करता येते, तुम्हीही असंच करा. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन, रात्रीचा बॅकअप दोन दिवस झाला नाही. चोर सापडला, तो मीच. तीन वर्षांपूर्वी एका सर्व्हरवर मी स्वतःच्या हाताने बॅकअपची स्क्रिप्ट लावली होती आणि त्यात माझी चावी कोंबली होती.

आता ह्या स्क्रिप्टला एसएसओ चालत नाही हे उघड आहे, रात्री दोन वाजता ब्राउझर उघडून हो म्हणायला कोण बसलंय. माणसासाठी हे लॉगिन, मशीनसाठी नाही. त्या सर्व्हरलाच एक रोल जोडून दिला, त्यात त्या एका बकेटमध्ये लिहायची परवानगी आणि बाकी काही नाही, त्याला तात्पुरती चावी आतल्या आत मिळत राहते. दोन रात्री बॅकअप नीट झाला ते बघितलं आणि मग जुनी चावी डिलीट केली. भाच्याकडचा लॅपटॉप पण मागवून घेतला, फाइल अजून होती त्यात.